ग्रंथकर्ताच प्रकाशक : जोतीराव फुले यांचे उदाहरण

मराठी ग्रंथकाराने पदरच्या खर्चाने पुस्तक काढणे ही नवी प्रथा नव्हे. एकोणिसाव्या शतकात पुण्याची दक्षिणा प्राइझ कमिटी मराठी ग्रंथांस आश्रय देई. परंतु निवडीचा अधिकार अर्थातच कमिटीकडे राही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठविले. ते नाकारले गेले. ते छापून येण्यास १९७९ साल उजाडले.

पुढे कंत्राटांच्या व्यवसायामुळे फुल्यांस स्वतंत्र मिळकत झाली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी स्वतःच पुण्यात छापवून प्रसिद्ध केली. १८६७ च्या कायद्यान्वये पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे आवश्यक होते. म्हणजे स्वातंत्र्याबरोबर उत्तरदायित्वही ग्रंथकर्त्याने पत्करले. उलटपक्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) समविचारी ‘दीनबंधु’ पत्राकडे गेला, तेव्हा पहिली दोन प्रकरणे छापून पुढील मजकूर थांबला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत निघाला नाही.

यावरून दिसते ते असे की, विरोधी कमिटी आणि स्नेही संपादक या दोहोंच्या हाती ग्रंथाचे भवितव्य अनिश्चितच राहिले; ग्रंथकर्त्याने खर्च सोसला तेथेच ते निश्चित झाले. मात्र हा मार्ग मिळकत असणारासच खुला होता, ही त्याची मर्यादा होय.

आज पुण्यालगतच्या पिंपरी-चिंचवड वा चाकण येथील कारखान्यातील कामगाराने आपले पहिले पुस्तक स्वतः काढले, तर कायद्याच्या दृष्टीने तोच प्रकाशक ठरतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन ग्रंथालये यांस त्याने स्वखर्चाने प्रती धाडावयाच्या असतात. संपादकाची कात्री टळते. संपादकाचे काम मात्र त्याच्याच शिरावर येते.