कोल्हापूरचे वाइल्डर दांपत्य : मंडळी आधी की शाळा?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आपण बहुधा अहमदनगर, मुंबई आणि पुणे या तीन ठिकाणांभोवती रचतो. १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), पुढे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ही मालिका अभ्यासक्रमामुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. कोल्हापूर तीत सहसा येत नाही. मंडळी स्थापन करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद मात्र ज्या ठिकाणांच्या कामावरून झाला, त्यांत कोल्हापूर अग्रभागी होते. त्या वादाच्या केंद्रस्थानी एक परदेशी जोडपे होते, म्हणून त्याकडे पुन्हा पाहावे असे आम्हांस वाटते.

रॉयल गूल्ड वाइल्डर (जन्म १८१६) हे अमेरिकेतील व्हर्माँटचे. १८४६ मध्ये पत्नी एलायझा हिच्यासह ते अमेरिकन बोर्डाच्या वतीने अहमदनगरला आले. मराठी शिकले, शाळा चालवल्या आणि डिसेंबर १८५२ मध्ये कोल्हापुरास गेले. नगर हा ब्रिटिश मुलूख होता. कोल्हापूर हे संस्थान. गादीवर बाबासाहेब महाराज होते, तरी १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कारभाराची सूत्रे इंग्रजांकडे गेली होती. शहर एकजिनसी नव्हतेच. अंबाबाईचे देऊळ आणि त्याच्या जवळच बाबूजमालचा दर्गा, शंकराचार्यांचा मठ, जैनांचा लक्ष्मीसेन मठ, बाजारात मराठीबरोबर कानडी आणि हिंदुस्थानी. आज शहराला जोडले गेलेले कळंब्यासारखे गाव तेव्हा वेशीबाहेरचे खेडे होते. प्रत्येक पेठेला स्वतःचा देव, स्वतःची तालीम, स्वतःची पंगत असलेल्या अशा नगरीत एका नव्या उपासकसमुदायाला जागा कोठे मिळणार?

वाइल्डर दांपत्याचे उत्तर होते शाळा. मुलांच्या शाळा आणि मुलींच्याही. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीस आले आणि त्यांनी याच उत्तरावर बोट ठेवले. मिशनऱ्याचे काम तोंडी उपदेशाचे. शाळांवर पैसा आणि माणसे खर्ची घालू नयेत. लहान लहान मंडळ्या स्थापाव्यात, त्यांवर एतद्देशीय पाळक नेमावेत आणि त्या स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक व्हाव्यात, हे त्यांचे सूत्र. मराठी मिशनातील शाळांना त्यानंतर कात्री लागली.

या वादात आधुनिक वाचकाने बाजू कोणती घ्यावी? सहानुभूती साहजिकच शाळांकडे झुकते. परंतु अँडरसन यांचे म्हणणे नीट वाचले तर पेच दिसतो. शाळा बंद करू पाहणारा हा माणूसच सत्ता स्थानिकांच्या हाती द्या असे सांगत होता. इंग्रजी शाळांतून ख्रिस्ती कमी आणि कारकून जास्त निघतात, ही त्यांची तक्रारही निराधार नव्हती. उलट वाइल्डरांची शाळा कितीही उपकारक असली तरी तिच्या किल्ल्या साहेबाच्या कमरेला होत्या. आमचा कौल तरीही वाइल्डरांकडे जातो, आणि त्याचे कारण वाङ्मयीन आहे. एका समकालीन अमेरिकन चरित्रकोशाने त्यांच्या कामाचे आकडे दिले आहेत: तीन हजारांहून अधिक गावांत उपदेश, धर्मग्रंथ व पत्रिकांची तीस लाखांहून अधिक पाने वाटली, शाळांतून ३,३०० विद्यार्थी, त्यांपैकी ३०० मुली. असले आकडे किंचित हात राखून घ्यावेत हे खरे. पण तीस लाख पाने वाटायची तर ती वाचणारा हवा! ज्या पंथाचा सारा भार छापील पुस्तकावर आहे, त्याने अक्षरओळखीला दुय्यम लेखणे ही विसंगती वाइल्डरांना दिसली होती. मराठी बायबलच्या भाषांतर व संशोधनाच्या समित्यांवर काम केलेल्या, तीन शुभवर्तमानांवर भाष्ये लिहिलेल्या माणसाला ती दिसावी यात नवल नाही.

१८५७ मध्ये प्रकृतीमुळे ते अमेरिकेस परतले. बोर्डाशी मतभेद मिटले नाहीत. १८६१ मध्ये त्यांनी मिशनशाळांचे समर्थन करणारे पुस्तकच प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी कोणत्याही संस्थेच्या आधाराविना दोघे पुन्हा कोल्हापुरास निघाले. पुढची नऊ वर्षे हे काम स्वतंत्रपणे चालले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे सोपवण्यात आले. १८७५ मध्ये वाइल्डर कायमचे मायदेशी गेले, ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक त्यांनी काढले आणि १८८७ मध्ये ते वारले. कोल्हापुरातील वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचेच नाव आहे.

एलायझा या कथेत कोठे आहे? अमेरिकन बोर्डाच्या दफ्तरी मिशनऱ्याची पत्नी ‘साहाय्यक मिशनरी’ म्हणून नोंदली जाई. वादाचे सगळे कागद पुरुषांनी पुरुषांना लिहिलेले आहेत. पण त्या काळच्या कोल्हापुरात बायकांच्या माजघरात परक्या पुरुषाला प्रवेश नव्हता. मुलीला शाळेत धाडायचे की नाही हे जिथे ठरत असे, तिथवर पोचणे एलायझालाच शक्य होते. चरित्रकोशातल्या त्या तीनशे मुली केवळ वाइल्डरसाहेबांच्या खाती जमा कराव्यात, हे आम्हांस पटत नाही.

१८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट १८८६ मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या प्रारंभी अग्रभागी होता. त्या मेळाव्यात शंभर तरुणांनी परदेशी सेवेची तयारी दर्शवली. मुलगी ग्रेस माउंट होलिओकमध्ये शिकली होती आणि तिथल्या मैत्रिणींत तिने असाच एक गट आधीच उभा केला होता. इतिहासात नाव रॉबर्टचे राहिले. पतीच्या निधनानंतर एलायझा स्वस्थ बसली नाही. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर जिथे आली होती त्या मुलखात ती आता मुलीबरोबर परतली, आणि मायलेकींनी कामासाठी निवडले ते कोल्हापूर शहर नव्हे, इस्लामपूर.