ग्लुकोमीटरचा आकडा : अचूक किती, विश्वासार्ह केव्हा?

बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबातून रक्तशर्करा मोजणाऱ्या घरगुती उपकरणास ग्लुकोमीटर म्हणतात. इन्सुलिनची मात्रा अनेकदा याच आकड्यावरून ठरत असल्याने त्याची अचूकता हा जिवाशी निगडित प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजेच देशात सर्वाधिक आढळले.

कार्यपद्धती

पट्टीवरील विकराची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो व त्यावरून यंत्र आकडा दाखवते. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील एम्स कंपनीने आणलेले पहिले यंत्र मात्र पट्टीच्या बदललेल्या रंगावरून मोजमाप करीत असे.

मानक काय सांगते?

‘आयएसओ १५१९७:२०१३’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ९५ टक्के मोजण्या ठरावीक मर्यादेत असाव्या लागतात. शर्करा १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक असल्यास १५ टक्क्यांचा, त्याखाली १५ मिलिग्रॅमचा फरक ग्राह्य धरला जातो. म्हणजेच प्रत्यक्ष शर्करा २०० असता यंत्राने १७० किंवा २३० दाखविले, तरी ते सदोष ठरत नाही. खरा धोका खालच्या पातळीवर असतो. प्रत्यक्षात ६५ असता ८० दिसल्यास शर्करा धोकादायकरीत्या घटल्याचे ध्यानातच येत नाही.

चुकांची कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे न धुतलेले हात. आंबा वा केळे सोलल्यानंतर बोटावर राहिलेल्या साखरेमुळे आकडा कितीतरी वाढतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे पुरेसे नसून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोट जोराने पिळल्यासही मोजणी बिघडू शकते. रक्तक्षय असल्यास बहुतेक यंत्रे शर्करा प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही.

पट्ट्यांची साठवण

पट्ट्यांवर हवामानाचाही परिणाम होतो. गोव्याच्या पावसाळ्यातील दमट हवेने उघड्या डबीतील विकर निकामी होऊ शकते. कलबुर्गी जिल्ह्यातील निंबर्ग्यासारख्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अनेक पट्ट्यांची साठवण मर्यादा मात्र ३० अंश सेल्सिअस असते. अशा भागात डबी खिडकीपाशी वा वाहनात न ठेवता घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावी. झाकण तत्काळ लावावे आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

पडताळणी

प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देतानाच घरच्या यंत्रावरही मोजणी करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. जेवणानंतर बोटातील रक्तात शर्करा शिरेतील रक्तापेक्षा अधिक असते. त्यामुळे त्या वेळची तुलना फसवी ठरते. फरक वारंवार १५ टक्क्यांहून अधिक आढळल्यास पट्ट्या व यंत्र तपासून घ्यावे. मधुमेहाचे निदान मात्र प्रयोगशाळेतील चाचणीवरूनच केले जाते.

घाम, थरथर वा गोंधळल्यासारखे वाटत असता आकडा ठीक दिसला, तरी त्यावर विसंबू नये. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्याला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी करावी. शुद्ध हरपल्यास तोंडातून काहीही न देता तातडीने इस्पितळ गाठावे.