विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाह यांवरून गणन

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील दाब (व्होल्ट) आणि त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) या दोन राशी ज्ञात असल्या, म्हणजे पहिलीस दुसरीने भागून त्या घटकाचा रोध ओहममध्ये मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केल्यास शक्ती वॉटमध्ये मिळते. रोध व प्रवाह हाती असतील, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, आणि दाब व रोध असतील, तर दाबाचा वर्ग भागिले रोध, अशाही रीतीने तीच शक्ती काढता येते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या पेठ वडगाव व भोवतालच्या ऊसपट्ट्यास लागू पडतील अशी घेतली आहेत.

इतिहास : गेओर्ग झिमोन ओहम याने दाब, प्रवाह व रोध यांमधील हा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

घरगुती उपकरणे : २३० व्होल्टवर १,००० वॉट घेणारी शेगडी ४.३५ अँपिअर प्रवाह ओढते व तिचा रोध ५२.९ ओहम भरतो. सायंकाळी दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर हीच शेगडी सुमारे ७५६ वॉटच देते. म्हणजे दाबात १३ टक्के घट झाली असता उष्णतेत २४ टक्के घट होते, आणि दूध तापण्यास विलंब का लागतो याची कैफियत तेवढ्यात मिळते. तंतुदीपाची गोष्ट किंचित निराळी आहे. १०० वॉटच्या दिव्याचा रोध या गणिताने ५२९ ओहम येतो, तथापि तो विझलेला असताना मापल्यास त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढत जातो. सबब पेटत्या दिव्याचे गणित थंड दिव्यास लावू नये.

कृषिपंप : या भागात गणनाची खरी कसोटी विहिरीवरच्या आणि वारणा नदीकाठच्या उपसा मोटरीवर लागते. ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यावर चालणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीचा निर्गम ३,७३० वॉट असतो. कार्यक्षमता ८५ टक्के व शक्तिगुणक ०.८ धरल्यास ती सुमारे ४,३९० वॉट घेते आणि प्रत्येक तारेतून ७.६ अँपिअर प्रवाह जातो. ‘एच्‌पी.ला दीड अँपिअर’ हा वायरमन मंडळींचा ठोकताळा याच्याशी उत्तम जुळतो, आणि त्यांनी तो कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून बसविला आहे. मात्र दाबास प्रवाहाने भागून येणारी संख्या ही येथे रोध नव्हे. त्या भागाकारात वेष्टनाच्या तारेचा रोध अल्प असतो. उरलेला अडथळा चुंबकीय प्रवर्तनाचा व फिरत्या भारावर अवलंबून असणारा असतो. म्हणूनच दाब घटला की शेगडीचा प्रवाह घटतो, पण पाण्याचा भार ओढणाऱ्या मोटरीचा वाढतो. दाब ३५० व्होल्टवर आला आणि इतर बाबी तशाच राहिल्या असे मानल्यास प्रवाह ९ अँपिअरवर जातो व वेष्टनातील उष्णता ४० टक्क्यांनी वाढते. लाईट येताच एका डीपीवरील (वितरण रोहित्रावरील) साऱ्या मोटरी स्वयंचलित स्टार्टरने एकदम सुरू होतात, तेव्हा दाब नेमका असाच कोसळतो. आणि ‘मोटर जळाली’ या तक्रारीमागे पुष्कळदा पंपाचा दोष नसून हे साधे वर्गगणित असते.

तारेचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. खांबापासून विहीर ३०० मीटर दूर असून ४ चौरस मिलिमीटर छेदाची ॲल्युमिनियम केबल टाकली, तर प्रत्येक गाभ्याचा रोध सुमारे २.१ ओहम होतो, ७.६ अँपिअर प्रवाहाने तिन्ही गाभ्यांत मिळून साडेतीनशे वॉटहून अधिक शक्ती निव्वळ उष्णतेत जाते. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास हा व्यय दीडशे वॉटच्या आत येतो. केबल घेताना भाव पाहिला जातो, छेद नव्हे.

आकारणी : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले व २००५ पासून वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीच्या मानाने होत आली असून तिच्याविषयी मतभेद आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मापन : रोध मापताना पुरवठा बंद असणे अवश्य आहे, प्रवाह मात्र चालू मोटरीवर टाँग टेस्टरने मापतात. चिमट्यात एका वेळी एकच तार घ्यावी आणि तिन्ही कलांचे (फेजांचे) वाचन स्वतंत्रपणे टिपावे. त्यांत मोठी तफावत आढळल्यास एखादी कला दुर्बळ आहे किंवा स्टार्टरचा संपर्क जळाला आहे असे समजावे. तिन्ही तारा एकत्र पकडल्यास निर्दोष मोटरीवर वाचन जवळजवळ शून्य येते. तसे न आल्यास प्रवाह जमिनीत गळतो आहे असे धरून मोटर तत्काळ थांबवावी व वेष्टन तपासून घ्यावे.