बीजक, किल्ली आणि पासवर्ड

शिंद्यांच्या गंगाजळीची गोष्ट आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लहान पोरंसुद्धा सांगतात. किल्ल्यातल्या तळघरांचं बीजक, म्हणजे खजिन्याची खूण, फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक. जाताना मुलाला सांगून जायचं. 1886 मध्ये जयाजीराव गेले तेव्हा माधवराव दहाव्या वर्षात होते. बीजक सांगायचं राहूनच गेलं, म्हणतात.

मला ही गोष्ट नीट कळली ती बँकेत. रंगराजन समितीचे 1984 आणि 1989 चे अहवाल आले, त्यानंतर शाखांत आधी लेजर पोस्टिंग मशिन्स आली आणि नव्वदच्या दशकात नॉव्हेलचा सर्व्हर. काउंटरवरच्या यंत्रांना स्वतःची डिस्क नव्हती, सगळी खाती एकाच सर्व्हरवर. कोणी कोणती डिरेक्टरी (आता फोल्डर म्हणतात) उघडायची, ते तिथे ठरायचं. वाचणं, लिहिणं, पुसणं, प्रत्येक हक्क वेगळा. ज्याला हक्क दिला तो 'ट्रस्टी'! मी बी.कॉम.चा माणूस, शब्द ऐकून बरं वाटलं.

पण सगळ्यांच्या वर एक 'सुपरवायझर'. त्याला कसलीच बंदी नाही. तिजोरीला आपल्याकडे दोन किल्ल्या, दोघांकडे; इथे मात्र एकटा माणूस. आमच्याकडे तो पासवर्ड मॅनेजर साहेबांपाशी, आणि एक प्रत सीलबंद लखोट्यात दुसऱ्या शाखेत.

एका महिन्याच्या 1 तारखेला पहाटे साहेबांना अटॅक आला. नेमका माझा पासवर्ड मुदत संपून बंद पडलेला (दोनदा सूचना आली होती, मी बदलला नव्हता), दुसरे ऑफिसर रजेवर. पासिंग करणार कोण? बाहेर पेन्शनर्सची रांग. लखोटा मागवला, फोडला, तर आतला पासवर्ड जुना! आदल्या संध्याकाळच्या बॅलन्सच्या प्रिंटवरून हातानेच पेमेंट सुरू केलं.

दुपारी मी हॉस्पिटलात गेलो. आयसीयूच्या दारात वहिनी उभ्या होत्या. तब्येतीचं विचारायच्या आधी माझ्या तोंडून पासवर्ड निघाला. त्याची लाज आजही वाटते. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "धाकटीचं घरातलं नाव, पुढे जन्मसाल."

साहेब त्यातून उठले. रुजू झाल्यावर पहिलं काम केलं ते हेच: नवा पासवर्ड दोन तुकड्यांत, अर्धा त्यांनी टाकायचा, अर्धा मी, आणि बदलला की त्याच दिवशी दोन वेगळे लखोटे. तो सर्व्हर कधीच भंगारात गेला. माझा अर्धा मला अजून पाठ आहे.