काळ्या मातीतला पाया

स्मरणिकेत कोनशिलेचे छायाचित्र असतेच. शिळेवर पाहुण्यांची नावे असतात, तिथी असते. परंतु त्या शिळेखाली वास्तूचा जो भाग जमिनीत उभा असतो, त्याविषयी एकही ओळ कोठे आढळत नाही. पाया किती खोल नेला, खाली कोणती माती लागली, काम पावसापूर्वी आटोपले की पावसातच उरकले, हे ज्यांना ठाऊक होते ते गवंडी, बेलदार आणि मिस्त्री केव्हाच पांगले. या शाळेचा माजी विद्यार्थी आणि आयुष्यभर बांधकामात रमलेला अभियंता या नात्याने, हीरक महोत्सवानिमित्त त्या न लिहिलेल्या पानाकडे वळावेसे वाटले.

आपली शाळा माळव्याच्या काळ्या मातीवर उभी आहे. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात मैदानाला अशा भेगा पडत की त्यांत लाकडी पट्टी सहज उतरे. श्रावणात त्या भेगा मिटून जात. आम्हांला तो खेळ वाटे. बांधकाम करणाऱ्याला मात्र तो इशारा असतो. माळव्याचा खडक दख्खनच्या पठाराप्रमाणेच लाव्ह्याचा. तो झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. पावसाळ्यात भिंतीबाहेरची माती फुगते, घराखालची मात्र कोरडीच राहते. एक कोपरा उचलला जातो आणि खिडकीच्या कोनातून तिरपी चीर निघते. मोठ्या इमारतीचे वजन मातीला काही अंशी दाबून धरते. एकमजली घर, शाळेचा वर्ग, कुंपणाची भिंत यांच्या अंगी ते बळ नसते. म्हणून या मातीचा फटका सर्वांत आधी बेताच्या ऐपतीच्या माणसाला बसतो.

जुन्या गवंड्यांना खनिजाचे नाव माहीत नव्हते, परंतु मातीचा स्वभाव माहीत होता. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत चर खणायचा आणि दगड-चुन्याचा पाया त्यावर बसवायचा, हा त्यांचा नियम. घाणीत मळलेल्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की तो चुना ओलाव्यातही घट्ट होई. मुरूम चार-पाच हातांवर लागला तर नियम पाळणे सोपे. माती खोल असेल तेथे खर्च आवाक्याबाहेर जाई.

गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील प्रश्न वेगळा होता. तेथे खडक फार खोल आणि वर वाळू व गाळ. तेथील कारागिरांनी विहिरींचा पाया शोधला. विटांचे कडे बांधायचे, आतली वाळू उपसत ते स्वतःच्या भाराने खाली उतरवायचे आणि शेवटी भरून टाकायचे. ताजमहालाची यमुनेकडील बाजू अशाच विहिरींवर उभी आहे. १८५४ साली खुल्या झालेल्या गंगा कालव्यासाठी प्रोबी कॉटली यांनी रुरकीजवळ सोलानी नदीवर जो जलसेतू बांधला, त्याचा पायाही नदीपात्रात उतरवलेल्या विहिरींचाच आहे. पाणी हटवता येत नसेल तर त्याच्यातून खाली जावे, हा या पद्धतीचा धडा.

१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. चुना सावकाश घट्ट होई. सिमेंट काही तासांत आवळू लागते. कामाचा वेग वाढला आणि त्याबरोबर पावसात काम रेटण्याचा मोहही. १९१८ साली अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी प्रयोगांती दाखवून दिले की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढले की ताकद घटते. पावसाळी कामातील बहुतेक चुकांचे मूळ या एका नियमाच्या विस्मरणात आहे.

ओली वाळू हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेली वाळू आकारमानाने पाव हिश्श्यापर्यंत फुगते. घमेल्याने मोजली तर वाळू कमी पडते, आणि तिच्या अंगचे पाणी हिशेबात न धरल्यास मिश्रण पातळ होते. चराचा तळही तितकाच नाजूक. पावसात उघडा राहिलेला तळ चिखल होतो, आणि चिखलावर ओतलेले उत्तम काँक्रीटही पुढे खचते. म्हणून जाणता मिस्त्री शेवटची वीतभर माती तशीच ठेवतो. ती काँक्रीट ओतण्याच्या दिवशीच काढतो, कोपऱ्यात खड्डा करून पाणी उपसतो आणि तळावर लगेच कमी सिमेंटच्या काँक्रीटचा पातळ थर देतो. ताज्या काँक्रीटवर सर आली तर ते झाकायचे असते. वर साचलेल्या पाण्यात कोरडे सिमेंट भुरभुरणे हा उपाय नव्हे.

खोल काळ्या मातीचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरच सुटू लागला. रुरकीलाच १९४७ साली सुरू झालेल्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात ‘अंडर-रीम्ड पाइल’ विकसित केली. हाताने फिरवायच्या गिरमिटाने जमिनीत भोक पाडायचे, तळाशी पाती उघडून ते रुंद करायचे, सळया सोडून काँक्रीट भरायचे. तळाचा फुगवटा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद असतो. खोल काळ्या मातीत लांबी किमान साडेतीन मीटर ठेवतात, कारण तेवढ्या खोलीवर ऋतुमानाने ओलावा फारसा बदलत नाही. वरची माती फुगून खांब उचलू पाहते, तेव्हा तळाचा फुगवटा त्याला नांगरासारखा धरून ठेवतो. खांबांना जोडणारी तुळई जमिनीपासून सुमारे ८० मिलिमीटर वर ठेवतात, म्हणजे मातीला फुगायला जागा राहते. भोकात पाणी असेल तर काँक्रीट वरून टाकत नाहीत. नळी तळापर्यंत सोडून, तिचे तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवून, पाणी खालून वर ढकलत नेतात. पुढे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. कालव्यांच्या कामांत तिचा विशेष उपयोग झाला.

या वाटचालीतून एक गोष्ट ध्यानी येते. काळी माती कायम ओली असली तरी घर उभे राहते, कायम कोरडी असली तरी राहते. तिचे ओले-सुके होत राहणे भिंतीला तोडते. म्हणून पाया हलत्या थराखाली न्यायचा आणि पागोळ्यांचे, गटाराचे व बागेचे पाणी भिंतीपासून दूर ठेवायचे. आयुष्याची पुंजी घालून आज घर बांधणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी टाइल्स निवडण्याआधी जागेवर एक परीक्षणखड्डा खणून पाहावा. तो खर्च पुढील डागडुजीपुढे नगण्य आहे.

शाळेकडेही एक विनंती आहे. पुढे जी इमारत उभी राहील, तिच्या कोनशिलेच्या छायाचित्राबरोबर पायाची खोली, लागलेली माती, काँक्रीट ओतल्याच्या तारखा आणि तेथे राबलेल्या हातांची नावे दप्तरी नोंदवून ठेवावीत. शंभराव्या वर्षी एखाद्या भिंतीला चीर गेली, तर तेव्हाच्या अभियंत्याला गौरवग्रंथातील भाषणांपेक्षा तेच पान आधी उघडावे लागेल.