शुक्रवारी ठेवलेलं भांडं

स्लो कुकरमध्ये मी केलेला पहिला पास्ता भिंतीवर पोस्टर चिकटवायला उपयोगी पडला असता. सकाळी सातला कच्चा खिमा, टोमॅटोचा डबा, कांदा, पाणी आणि अख्खं पाकीट पेन्ने असं सगळं एकदम भांड्यात लोटून मी कामावर गेलो. संध्याकाळी झाकण उघडलं तर आत खळ. गुलाबी खळ, आणि तळाशी खिम्याचे चेंडू. बायको हॉस्पिटलमधली बारा तासांची ड्यूटी संपवून आली होती. तिने भांड्यात चमचा उभा केला, तो उभाच राहिला. त्या रात्री आम्ही ऑम्लेट-पाव खाल्ला.

आम्ही शिकागोत नवे होतो. स्लो कुकर जुन्या सामानाच्या दुकानातून सहा डॉलरला आणलेला, पिवळट रंगाचा, काचेच्या झाकणाचा, बाहेरून वेलबुट्टी. दोघांच्या ड्यूट्या अशा की एकमेकांची तोंडं बघायची वेळ एकच, रात्रीच्या जेवणाची. ते जेवण बाहेरून मागवणं परवडत नव्हतं आणि करायला कोणी घरात नव्हतं. त्यामुळे हे भांडं चालणं गरजेचं होतं.

फोनवर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "दिवसभर शेगडी चालू ठेवून घराबाहेर जाता? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेगडी नाही, वीज आहे, तीही साधारण दोनशे वॅट, म्हणजे दोन जुन्या पिवळ्या बल्बांएवढी, आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट, हे सगळं मी समजावलं. तिला पटलं नाही. मग म्हणाली, "असलं भांडं काढायचं सुचलं तरी कोणाला?"

ते मलाही माहीत नव्हतं. शोधायला लागलो आणि शिकागोतून थेट लिथुआनियात पोचलो.

आजच्या लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. ज्यू लोक तिला व्हिल्ना म्हणत. एकोणिसाव्या शतकात ती रशियन साम्राज्यात होती आणि तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. या काळात काम करायचं नाही, आणि चूल पेटवणं हे कामच. पण शनिवारी दुपारी गरम जेवायचं तर असतं. मग वाट काढली ती अशी: शुक्रवारी दुपारीच मांस, घेवड्याचे दाणे, सातू, बटाटे मडक्यात भरायचे, झाकण लावायचं आणि भांडं गल्लीतल्या भटारखान्यात नेऊन द्यायचं. पाव भाजून झालेले असत, भट्टी हळूहळू निवत असे. त्या उतरत्या उष्णतेत सगळ्या गल्लीची भांडी रात्रभर शिजत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर घरोघरी आपापलं भांडं परत. या पदार्थाला चोलन्त म्हणतात.

तामारा कास्लोव्स्की नावाच्या बाईंनी हे लहानपणी व्हिल्नात पाहिलं होतं. पुढे अमेरिकेत त्यांनी ही आठवण आपल्या मुलाला, अर्व्हिंग नाखुमसोनला सांगितली. हा मुलगा विजेचा इंजिनिअर, सतत काही ना काही खटपट करणारा, पुढे दोनशेच्या वर पेटंटं नावावर असलेला. आईच्या आठवणीतली भट्टी त्याने तारेच्या वेटोळ्यात बसवली. आतल्या भांड्याभोवती विजेची तार, त्यामुळे उष्णता फक्त बुडाला न लागता चहूबाजूंनी आणि बेताची लागते. १९३६ साली अर्ज, जानेवारी १९४० मध्ये पेटंट. पुढे त्याने आडनाव सुटसुटीत करून नॅक्सन केलं आणि यंत्राचं नाव पडलं 'नॅक्सन बीनरी'. घेवडा शिजवायचं भांडं, बस. पेटंटवर नाव अर्थातच मुलाचं. तामाराबाईंचं नाव आज आपल्याला कळतं ते नॅक्सन कुटुंबाने ही गोष्ट जपली आणि सांगितली म्हणून.

इथे मला माझं आजोळ आठवलं. आईचं माहेर रेवदंड्याजवळचं. त्या बाजूला 'शनिवार तेली' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असायचा. कोकणातले बेने इस्रायली लोक, म्हणजे मराठी बोलणारे आपले ज्यू, पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद, बैल मोकळा. म्हणून शनिवार तेली. रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग आहे. लहानपणी मी त्याच्यासमोरून सायकल दामटत गेलोय, आत काय आहे हे कधी विचारलं नाही. व्हिल्नाची भट्टी आणि कुलाबा जिल्ह्यातला घाणा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. वार मात्र दोघांनी एकच पाळला.

तर नॅक्सनची बीनरी फार चालली नाही. तीस वर्षं ती उपाहारगृहांना, खाणावळींना थोडीथोडी विकली जात राहिली. १९७० साली नॅक्सनने धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. रायव्हलच्या लोकांना सौद्यात मिळालेल्या मालात ही घेवड्याची हंडी सापडली. तिला नवं रूप, नवे रंग आणि 'क्रॉक-पॉट' हे नाव देऊन १९७१ साली शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मांडलं. किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास. पहिल्या वर्षी विक्री २० लाख डॉलरची, १९७५ साली ९ कोटी ३० लाखांची.

तीस वर्षं धूळ खाल्लेलं भांडं चार वर्षांत असं का खपलं? भांडं जवळजवळ तेच होतं, घर बदललं होतं. १९७० साली अमेरिकेतल्या प्रौढ बायकांपैकी साधारण ४३ टक्के नोकरी करत होत्या किंवा शोधत होत्या, १९८० पर्यंत हा आकडा ५१ टक्क्यांच्या पुढे गेला. जाहिरातींचा सूर असा की बाईसाहेब दिवसभर बाहेर, तरी स्वयंपाक आपोआप चालू. मला त्या जाहिरातींचा राग येतो तो त्या जे सांगत नाहीत त्यामुळे. सकाळी कांदा कोणी चिरायचा? भांडं कोणी भरायचं, रात्री कोणी घासायचं? सुरुवातीच्या मॉडेलात तर आतलं भांडं सुटंही होत नव्हतं, वायरीसकट अख्खं यंत्र सांभाळून धुवायचं. सुटं भांडं १९७४ साली आलं. धुणाऱ्यांचं ऐकायला तीन वर्षं लागली, म्हणजे तसं लवकरच म्हणायचं.

खिमा आणि पास्ता याच काळात अमेरिकेच्या ताटात एकत्र घट्ट बसले. तसे ते आधीपासून शेजारी होतेच. मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटोच्या एका पदार्थाला इथे 'गुलाश' म्हणतात, हंगेरीच्या गुलाशशी त्याचं नावापुरतं नातं. पण सत्तरच्या दशकात मांस महागलं. १९७३ च्या मार्चअखेर अध्यक्ष निक्सनना मांसाच्या किमतींवर मर्यादा घालावी लागली, आणि एप्रिलमध्ये देशभरच्या गृहिणींनी आठवडाभर मांस न घेण्याचा बहिष्कार घातला. अशा वेळी खिमा हे स्वस्त मांस, आणि पास्ता ते पुरवठ्याला येण्याची युक्ती. १९७१ साली देशभर बाजारात आलेलं 'हॅम्बर्गर हेल्पर' हे नेमकं तेच होतं: खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाला, वरून अर्धा किलो खिमा तुमचा, की पाच माणसं जेवली. आपल्याकडे खिम्यात मटार आणि बटाटा घालतात, त्यामागचा हिशोब वेगळा नाही.

इटालियन माणसाला हे सगळं ऐकवू नये. पण त्यांचंही गंमतशीर आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१ च्या पाकपुस्तकात बोलोन्या पद्धतीच्या मॅकरोनीची कृती दिली, तिच्यात टोमॅटो नाही. १९८२ साली इटलीच्या पाककला अकादमीने 'अस्सल' रागूची कृती बोलोन्याच्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवून ठेवली, तिच्यात टोमॅटो आहे आणि दूधही. म्हणजे अस्सलपणाची तारीख बदलत असते. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट एकच, आच मंद हवी आणि घाई नको.

आपला खिमा हा शब्दही लांबून आलाय. तुर्कीत बारीक चिरण्याला जे क्रियापद आहे त्यावरून 'कियमा', फारसीतून येत येत 'कीमा', आणि मुंबईत इराण्याच्या हॉटेलात पावाबरोबर 'खिमा'.

माझा खिमा मी डेव्हन अव्हेन्यूवरून आणतो. शिकागोत ज्यांनी दोन दिवस काढलेत त्यांना हा रस्ता माहीत असेल: साड्या, मिठाई, हलाल मटण. याच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे, एकाला मोहम्मद अली जिनांचं, आणि पुढे एका तुकड्याला गोल्डा मेयर यांचं, कारण हा भाग आपल्या लोकांच्याही आधीपासून ज्यूंचा. आजही आसपास सिनेगॉग आहेत. शुक्रवारी दुपारी मी बकऱ्याचा खिमा घेऊन बसस्टॉपवर उभा असतो तेव्हा काळी टोपी घातलेली माणसं सूर्यास्ताच्या आत घरी पोचायच्या घाईत समोरून जातात.

खळ झाल्यानंतर मी जे शिकलो ते असं. खिमा आधी कढईत परतायचाच. स्लो कुकरमधलं तापमान पाण्याच्या उकळीपलीकडे जात नाही, आणि मांसाला तो खरपूस रंग नि वास यायला त्याहून बरीच जास्त आच लागते. शिवाय न परतलेला खिमा गोळा होऊन बसतो. सुरक्षिततेचंही आहे: अख्ख्या तुकड्याचे जंतू पृष्ठभागावर असतात, दळल्यावर ते आतपर्यंत जातात, म्हणून खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापलाच पाहिजे. गोठलेला खिमा तर थेट टाकूच नये, तो तासन्‌तास कोमट राहतो. (आणि कोणी हौसेने राजमा घालणार असेल तर तो आधी भिजवून, पाणी फेकून, अर्धा तास खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर मरत नाही, पोट चांगलंच धरतं.)

अर्धा किलो खिमा, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, एक गाजर किसून, तमालपत्र, टोमॅटोचा मोठा डबा, आणि आईने पाठवलेला मालवणी मसाला चमचाभर. इटालियनांनी माफ करावं. मंद आचेवर सात तास. पास्ता मात्र शेवटच्या अर्ध्या तासात: आच वाढवायची, पाव किलो पेन्ने आणि पेलाभर उकळतं पाणी घालून ढवळायचं, मधे एकदा चाखून बघायचं. पास्त्याला शिजायला दहा-बारा मिनिटं पुरतात. त्याला सात तास कोंडून ठेवलं की त्यातला सगळा स्टार्च बाहेर येतो, आणि त्याची खळ होते.

ही कृती मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "सात तास? माझा खिमा तीन शिट्ट्यांत व्हायचा."

खरंच व्हायचा. आपल्याकडे मंद शिजवणारं यंत्रही होऊन गेलं, १९१० साली कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी काढलेला इकमिक कुकर: खाली कोळसे, वर डब्यावर डबे, वाफेत भात-वरण-भाजी एकत्र. पण घराघरांत गेला तो प्रेशर कुकर. १९५९ नंतर तो भारतात बनू लागला. रॉकेलसाठी रांग होती, पुढे सिलिंडरसाठी नंबर लावावा लागे, अशा देशात इंधन वाचवणारं भांडंच जिंकणार.

आमच्या डोंबिवलीच्या घरात त्याची पहिली शिट्टी पावणेपाचला व्हायची. आई साडेचारला उठे. सहा बावन्नच्या लोकलच्या आत चार डबे आणि रात्रीच्या भाजीची तयारी. कुकरने तिचा अर्धा-पाऊण तास नक्कीच वाचवला असणार, आणि त्या वेळात तिने आणखी एक भाजी केली. रविवारी कचेरीला सुट्टी, म्हणून रविवारी मटण नाहीतर खिमा, म्हणजे कामाला सुट्टी नाहीच. घाण्याच्या बैलाला शनिवार होता. आईला कुठला वार होता हे आठवून बघितलं, सापडला नाही. आणि त्या शिट्टीला मी कूस बदलून झोपत होतो, एकवीस वर्षं.

गेल्या हिवाळ्यात ती तीन महिने इथे आली. पहिल्याच शुक्रवारी रात्री मी खिमा परतून ठेवला, सकाळी सहाला भांडं लावलं. ती उठलेली होतीच, साडेचारपासून. बाहेर बर्फ, घरात अंधार, आणि ती ओट्याशी उभी. "मी काय करू?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही. बस. एकच सांगतो, झाकण उघडू नकोस. उघडलं की वाफ जाते, पुन्हा तापायला वीस-तीस मिनिटं लागतात." बायको म्हणाली, "आई, तुम्ही झोपा पुन्हा." ती हसली आणि खिडकीपाशी चहा घेऊन बसली.

संध्याकाळी परत आलो तर झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब नव्हते. खिमा जेमतेम रटरटत होता.

"किती वेळा उघडलंस?"

"मीठ बघायला एकदा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि मग नुसतंच."

त्या दिवशी जेवायला साडेनऊ वाजले.