काचीगुड्याचे मास्तर आणि लातूर पॅटर्न

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. माझं ‘म्हणजे... म्हणजे...’ तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या आठवड्यात लातूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. अकरावीत आहे, नीटची तयारी करतोय, रात्री क्लास सुटला की मोबाईलवर प्रीमियर लीग बघतो. त्याचे दोन प्रश्न होते. पहिला असा : “दादा, एवढ्या मोठ्या देशात फुटबॉल खेळणारी अकरा पोरं सापडत नाहीत का?” दुसऱ्याकडे शेवटी येतो.

पोराचा राग खरा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून १-० हरलो. सिंगापूरची लोकसंख्या साधारण ६० लाख. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मिळूनच जवळपास ५८ लाख भरतात. म्हणजे डोकी मोजून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. टॅलेंट नाही म्हणावं, तर जुना रेकॉर्ड काढून बघा.

आणि तो जुना रेकॉर्ड आपल्या फार जवळचा आहे, गंमत तिथेच आहे.

तुम्हाला माहितीच आहे की नांदेड काय आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर काय, १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात, आणि नंतर हैदराबाद राज्यात होतो. आपली राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. कोर्टकचेरी तिकडे, वरचं शिक्षण तिकडे, उस्मानिया विद्यापीठ तिकडे. आजही नांदेडचा रेल्वे विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे आणि आपली माणसं दवाखान्यासाठी गाडीत बसून काचीगुड्याला उतरतात.

त्याच काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर शिकवायचे. १९०९ चा जन्म, उस्मानियात शिकलेले, स्वतः खेळलेले. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते. २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा ‘मैदान’ बघितला असेल तर हेच ते रहीम साहेब. सिनेमात तीन तासांत बसवायचं म्हणून बरंच काही गाळलंय. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की मास्तरकी बाजूला पडली आणि जिद्द तेवढी दिसली.

मास्तरकी म्हणजे काय? रहीम साहेब अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात ड्रिब्लिंगच करायचं नाही. बॉल आला की पुढे द्या. कधी नियम असा की ज्या पायाने येत नाही त्याच पायाने खेळायचं. उजव्या पायाचा हिरो तिथे एकदम झिरो! पण चार महिन्यांनी त्याला दोन पाय असतात. अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम नावाचा गरीब घरातला पोरगा त्यांच्या नजरेत भरला. रोज प्रॅक्टिसला यायला पैसे नाहीत म्हणाला, तर मास्तरांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले. बलराम पुढे दोन ऑलिम्पिक खेळला. आता सांगा, टॅलेंट बलरामचंच होतं ना? पण सायकलीचं भाडं नसतं तर ते अम्मुगुड्यातच राहिलं असतं.

इथे जरा थांबतो. ‘हैदराबादचे पोलीस’ म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या घरांत वेगळ्या आठवणी निघतात, आणि १७ सप्टेंबरला आपण झेंडा का लावतो ते मी वेगळं सांगायला नको. त्या मुक्तीला दोनच वर्षं झाली होती, आणि त्याच खात्याचा फुटबॉल संघ, हैदराबाद सिटी पोलीस, मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकून गेला. १९५० ते १९५४, सलग पाच वेळा. कोच रहीम. पोरांना पोलिसात नोकरी, म्हणजे घरी पगार, म्हणजे पोटाची काळजी न करता खेळता येणार. साधं गणित होतं.

याच मास्तरांच्या हाताखाली भारताने १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्ण जिंकलं. आणि हेही सांगितलं पाहिजे की १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हाही कोच तेच होते. आपले बरेच खेळाडू तोवर अनवाणी खेळायचे. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

आता तारीख लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य संपलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. हॅटट्रिक केली नेव्हिल डिसूझाने. मूळ गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. पण त्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम अशी रहीम मास्तरांच्या हैदराबादची रांगच होती. ज्या राज्यात ही मंडळी घडली ते राज्य महिन्याभरापूर्वीच नकाशावरून गेलं होतं. सेमीफायनलमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही आपलाच, मग ४-१ हरलो. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे आपण कधीच गेलो नाही.

१९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळालं. अख्खं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं, डिफेंडर जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके होते आणि मास्तरांनी त्याला पुढे फॉरवर्डला खेळवलं. दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, एक गोल पी. के. बॅनर्जीचा, एक जर्नैलचा. रहीम साहेबांना तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले.

आणि इथून पुढे मला शोधूनही ‘पॅटर्न’ सापडत नाही. पॅटर्न हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. १९६४ च्या आशियाई चषकात भारत दुसरा आला, १९७० ला बँकॉकमध्ये जपानला १-० हरवून कांस्य घेतलं. ही जुनीच पुण्याई होती. मास्तरांच्या उलट्या पायाच्या स्पर्धा, सायकलीचं भाडं, कोणत्या पोराला कुठे खेळवायचं याचा विचार, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि ओळखीत होतं. महासंघाच्या कपाटात ते कधी गेलंच नाही. चांगली पोरं कलकत्त्याच्या क्लबांकडे गेली, आणि जाणारच.

आता जपान बघा. १९६० ला त्यांनी डेटमार क्रेमर नावाचा जर्मन कोच आणला. टोकियो ऑलिम्पिक झाल्यावर तो परत गेला, पण जाताना सांगून गेला की देशभर लीग सुरू करा, कोच तयार करा. १९६५ ला लीग सुरू झाली. १९६८ ला जपानने ऑलिम्पिक कांस्य घेतलं. पुढची वीसेक वर्षं जपान काही फार मोठी टीम नव्हती, १९७० ला आपण त्यांना हरवलंच की. पण लीग बंद पडली नाही. १९९३ ला ती व्यावसायिक झाली आणि १९९८ पासून जपान एकही वर्ल्ड कप चुकलेला नाही.

आपल्याकडे माणूस गेला की काम थांबतं. सुनील छेत्रीचंच घ्या. जन्म सिकंदराबादचा, हाही एक योगायोगच. जून २०२४ ला निवृत्त झाला आणि मार्च २०२५ ला, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलावलं, कारण गोल करणारा दुसरा तयार नव्हता. हा छेत्रीचा मोठेपणा आहे, पण त्याच्या मागे रिकामी रांग आहे. २०२२ ला फिफाने आपल्या महासंघालाच काही दिवस निलंबित केलं होतं. २०२५ ला तर इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, कारण लीग चालवण्याचा करार संपत आला होता आणि नवा झालेला नव्हता. पंचवीस वर्षांचा खेळाडू घरी बसून करार कधी होतो याची वाट बघत होता. त्याच्या टॅलेंटचं काय करायचं?

पॅटर्न म्हणजे काय हे लातूरच्या पोराला मी काय सांगणार! तुमच्याकडे सर बदलले, रिटायर झाले, दुसऱ्या क्लासला गेले, तरी रविवारची टेस्ट होतेच. पेपर तपासून येतो, चूक कुठे झाली ते कळतं, पुढच्या रविवारी परत टेस्ट. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेला पोरगा डॉक्टर होतो, तो काही लातूरचं पाणी प्यायल्याने नाही. (पाण्याचं तर बोलूच नका, २०१६ ला तेही रेल्वेनेच आणावं लागलं.) मराठवाड्यातली लेकरं ढ आहेत असं तोवर कितीतरी लोक म्हणत होते. तेव्हाही पोरं तीच होती.

राहिला तुझा दुसरा प्रश्न. घरचे म्हणतायत बारावी होईपर्यंत फुटबॉल बंद, तर बंद करू का? मित्रा, मी नांदेडला अकरावीत असताना बंद केला होता. बूट धाकट्या चुलत भावाला दिले. तेव्हा वाटलं दोन वर्षांचाच प्रश्न आहे. बारावी झाली, मार्क बरे पडले, आणि परत ग्राउंडवर गेलो तर आमच्या वयाचं कुणीच नव्हतं. सगळे पुण्याला. मला रोज सायंकाळी एक तास खेळू दिलं असतं तर मार्क किती कमी पडले असते, हे मी आजही मोजतो आणि दरवेळी वेगळं उत्तर येतं. तू रविवारची टेस्ट दे. ती सुटली की तास-दीड तास रिकामा असतो ना, तेवढा सोडू नकोस. आणि उजव्या पायाचा असशील तर डाव्याने खेळून बघ.